गोंड्यातला लाल मणी

सासूबाईंच्या डाव्या हाताला काम हवं होतं आणि मला गोंडे हवे होते. इतक्या साध्या गरजेतून आमच्या घरात पुढे जे रामायण घडलं, त्याचं सगळं श्रेय माझ्या नीटनेटकेपणाला जातं.

इंदिरानगरातल्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर बसून मी हातानं दागिने बनवते. झुमके, गळ्यातली आणि त्यांना खाली लोंबणारे मण्यांचे गोंडे. बारीक मण्यांचे दहा सर ओवायचे, वरून एका गाठीत बांधायचे, गाठीवर पितळेची छोटी टोपी बसवायची. सांगायला सोपं. पण एखादा सर दोन मण्यांनी जरी लांबला, तरी माझी नजर तिथेच अडकते. दाराबाहेर पाहुण्यांच्या वाकड्या पडलेल्या चपलासुद्धा सरळ केल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही.

सासूबाई सटाण्याच्या. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि आम्ही त्यांना इकडे घेऊन आलो. चालणं सावरलं, बोलणं सावरलं, डावा हात मात्र मांडीवर नुसता पडून राहिला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की बोटं रोज चालली नाहीत तर आखडतील, मग काही करता येणार नाही. त्यांनी दाबायला एक रबरी चेंडू दिला. दोन दिवसांनी तो खाटेखाली सापडला. आपण काही लहान पोर नाही, असं सासूबाईंचं म्हणणं पडलं.

मग एका सकाळी त्यांनी न विचारता माझी मण्यांची ताटली पुढ्यात ओढली. पोळ्याला बैलांच्या शिंगांना बांधायचे गोंडे त्या माहेरी लहानपणापासून करत. त्यांनी पाय लांब केला, धाग्याचं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवून ताण दिला, उजव्या हातानं मणी ओवले आणि ओवलेला सर डाव्या हातात धरला. बोटं थरथरत होती, पण धरत होती. मला भरून आलं. मी उठून कांदे चिरायला घेतले, म्हणजे कोणी विचारायला नको.

त्या दिवसापासून त्या रोज दोन-तीन गोंडे करू लागल्या. सगळे वाकडे. शिवाय निळ्या गोंड्याच्या आत, हिरव्या गोंड्याच्या आत, एक लाल मणी हटकून असायचा. मी ठरवून टाकलं की यांना रंग ओळखू येत नाहीत, मोतीबिंदू असणार. तोंडावर कसं सांगायचं? त्या दुपारी झोपल्या की मी गोंडे उसवायची, सर मोजून मापून नव्याने बांधायची, लाल मणी एका डबीत टाकायची. मणी फेकून देणं माझ्या रक्तात नाही. संध्याकाळी त्यांच्यासमोर म्हणायची, आई, तुमचे गोंडे लगेच खपतात हो. त्या पदरात हसायच्या. सून असावी तर अशी, असं मी स्वतःलाच म्हणून घ्यायची. कौतुकाला दुसरं कोण होतं?

त्यांनी नातीसाठी एक जोड केला होता, मोरपिशी. तोही मी सोडला नाही. मैत्रिणीच्या साखरपुड्याला जाताना लेकीनं तो घातला आणि आजीच्या पाया पडली. सासूबाईंनी तिच्या कानातला गोंडा तळहातावर घेतला, एका बोटानं सर बाजूला करून आत पाहिलं. दुसऱ्या कानातलाही पाहिला. मग माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "हाऊ मन्हा गोंडा नही शे."

हा आपला गोंडा नाही, हे त्यांना आत लाल मणी नाही यावरून कळलं. त्यांच्या माहेरी गोंड्याच्या पोटात लाल दोरा लपवत, बैलाला दृष्ट लागू नये म्हणून. इथे बैल नव्हते. गोंडे घालून चारचौघांत मिरवणार होत्या त्या कुणाकुणाच्या लेकीबाळी. म्हणून दोऱ्याच्या जागी मणी. हे त्यांनी नातीला सांगितलं, मला नाही.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी ताटली तशीच राहिली. डावा हात पदराखाली गेला तो बाहेर येईना. आठवड्यानं व्यायामाच्या बाईंनी बोटं उलगडून पाहिली आणि म्हणाल्या, मिळवलेलं परत चाललंय. तो हात मी माझ्या हातानं घालवत होते.

त्याच दुपारी मी डबी त्यांच्यासमोर ठेवली आणि सगळं कबूल केलं. वाकडे दिसत होते म्हणून उसवले, डोळ्यांचा दोष समजले, विचारलं नाही, चुकले. त्या डबीत बोट फिरवत राहिल्या.

"इतल्या पोरी तशाच गयात," त्या म्हणाल्या. "त्यास्ले परत बलाव."

मण्याविना गेलेल्या सगळ्याजणींना परत बोलवायचं होतं. आता आली का पंचाईत! मी एकेकीला फोन लावला. गोंड्यात दोष राहिलाय, आणून दिलात तर दुरुस्त करून देते. बहुतेकींनी हसून नको म्हटलं. दोघींनी पाठवून दिले. देवळ्याच्या एक शिक्षिका तर बुचकळ्यातच पडल्या.

"अहो, किती सुरेख एकसारखा लोंबतोय. दोष कुठाय?"

"तोच," मी म्हणाले आणि सगळी हकिकत सांगितली.

रविवारी त्या गळ्यातलं घेऊन स्वतः आल्या आणि ते सासूबाईंच्या पुढ्यात ठेवून समोर बसल्या. सासूबाईंनी पाय लांब केला, अंगठ्याला धागा अडकवला. पदराखालचा हात बाहेर आला. मी बांधलेला गोंडा त्यांनी उसवला, तोही जरा चवीनंच. डबीतून लाल मणी घेताना तो निसटला आणि डाव्या मांडीशी जाऊन थांबला. उजव्या हातात ओवलेला सर होता. माझा हात सवयीनं पुढे झाला. मी तो मागे घेतला आणि मांडीखाली दाबून बसले.

डावी बोटं मण्याकडे गेली. एकदा निसटला, पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा तो चिमटीत आला.

ओवून झाल्यावर त्यांनी गोंडा टोपी बसवायला माझ्याकडे दिला. एक सर चांगला दोन मण्यांनी लांब होता. मी टोपी बसवली आणि गळ्यातलं शिक्षिकाबाईंच्या हातात दिलं.