कोरडा सांधा

कार्तिक सरत आला की आमच्या सडक अर्जुनीच्या हवेत नव्या धानाचा एक ऊबदार, किंचित कडवट गंध भरून राहतो. उतरत्या उन्हात मळणीची धूळ सोनेरी होऊन तरंगते आणि हायवेवरून जाणाऱ्या ट्रकांचा आवाजही त्या धुळीतून गाळून आल्यासारखा मऊ वाटतो. एरवी मला प्रिय असलेला हा गंध यंदा आला, आणि माझी मान आपोआप खाली गेली.

पन्नाशीत मला रिमोटवरच्या ट्रकचं वेड लागलं. बायको म्हणते, पोरं मोठी झाली आणि बाप लहान झाला. ट्रक देखणा होता, पण त्याचं स्टिअरिंग सुस्त. इकडे रिमोटचं चाक फिरवावं आणि तिकडे पुढच्या चाकांनी क्षणभर विचार करून, मग नाइलाजाने वळावं. माझ्या बालमित्राने, सुखदेवने, त्यात चाकं वळवणारी नवी, जोरकस मोटर बसवली. सांध्यांतली घाण ब्रशने काढली आणि बजावलं, "याले वंगण लावजो नको गा. कोरडंच राहू दे."

सुखदेव एके काळी मोठा ट्रक चालवायचा. देवरीच्या घाटात त्याची गाडी नाल्यात गेली, आणि तेव्हापासून तो रेडिओ-पंखे दुरुस्त करत बसतो. स्टिअरिंग वळलंच नाही, असं तो वर्षानुवर्षं सांगत आला. गाव मात्र म्हणत राहिलं, की त्याला डुलकी लागली. "माझा विश्वास आहे तुझ्यावर," असं म्हणणारा मी एकटा होतो, आणि त्या एकटेपणाचा मला थोडा अभिमानही होता.

पण बैलगाडीच्या आसाला वंगण घालत वाढलेला माझा हात! फिरणारी वस्तू कोरडी पाहवत नाही. मी ट्रकचे सगळे सांधे ग्रीसने माखले आणि गेल्या वर्षीच्या मळणीत तो खळ्यावर नेला. दोन दिवस तो फुलपाखरासारखा वळला. तिसऱ्या दिवशी, मळणीला जमलेल्या माणसांदेखत, मी डावीकडे वळवत असतानाच तो सरळ जाऊन बांधाखालच्या चिखलात पडला. हशा पिकला. सुखदेवही हसला. आणि तो अपमान झटकून टाकायच्या घाईत मी मोठ्याने म्हणालो, "याच्या हातचं स्टिअरिंग! एक ट्रक नाल्यात घातला, आता हा दुसरा."

हसणं थांबलं. सुखदेवने चिखलातून ट्रक काढला, गमछ्याने पुसला, माझ्या पायाशी ठेवला आणि सायकल घेऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या कोवळ्या उन्हात अंगणात बसून मी ट्रक उघडला. मोटर ठणठणीत होती. सांध्यासांध्यांत मात्र माझंच ग्रीस, त्यात धानाचा बारीक कोंडा मिसळून खळीसारखा घट्ट बसलेला. रॉकेल आणि दातांच्या जुन्या ब्रशने तो काढताना मला इतकी लाज वाटली, की बायकोने आणलेला चहा मी तिच्याकडे न बघताच घेतला. दोष माझ्या हाताचा होता, आणि मी बोट ठेवलं ते सुखदेवच्या सर्वांत दुखऱ्या जागेवर.

दुपारी ट्रक घेऊन त्याच्या दुकानी गेलो. सगळं सांगितलं, वंगणाचंही. माफी मागितली. तो एका पंख्याची पाती घट्ट करत होता.

"फिरून राह्यला ना आता बरोबर? मंग झालं," तो म्हणाला. मग पाना खाली ठेवून त्याने माझ्याकडे पाहिलं. "येक सांग. तुलेबी तवापासून वाटून राह्यलं होतं का, का मी झोपलो होतो म्हून?"

नाही, हा एवढासा शब्द. तो मी इतकी वर्षं सहज म्हणत आलो होतो. त्या दुपारी मात्र तो खरा आहे की नाही, हे मलाच कळेना. मी रिमोटचं चाक उगाच फिरवत राहिलो. काउंटरवर ट्रकची चाकं लगेच डावीकडे वळत होती, लगेच उजवीकडे, आणि सुखदेव त्यांच्याकडे बघत माझ्या उत्तराची वाट पाहत होता.