चांदी रंगाचा गिअरबॉक्स

नोकरी सोडून दीड वर्ष झालं. बरेच आरोपी मी चेहऱ्यासकट विसरले. एकाचा आवाज मात्र अजून कानात आहे. तो कोठडीत बसून स्वतःसाठी काहीच मागत नव्हता.

तेव्हा मी धार जिल्ह्यात, मुंबईकडे जाणाऱ्या महामार्गावरच्या एका ठाण्याची प्रभारी होते. हद्दीत मोठा घाट होता. महिन्यातून एखादा ट्रक तरी त्या उतारावर आवरता आवरत नसे. ठाण्यातल्या प्रत्येकाला पंचनाम्याचा मजकूर पाठ झाला होता, आणि घोटाळा नेमका तिथेच झाला.

मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास सोयाबीनच्या पेंडीने भरलेला एक ट्रक घाटातून सुसाट खाली आला. पुढच्या मोटरसायकलला त्याने चिरडलं आणि डोंगराच्या अंगाला घासत थांबला. मोटरसायकलवर तिरल्याकडचं नवराबायकोचं जोडपं होतं. दोघं जागीच गेली. ट्रकचालक मनगट मोडून वाचला. वय चाळीसच्या पुढे, देवासचा.

आमचा हवालदार पोलिसात येण्यापूर्वी ट्रक चालवायचा. गाड्यांच्या बाबतीत त्याचा शब्द ठाण्यात अखेरचा. क्रेनने ट्रक ओढला तेव्हा चाकं सहज फिरली, एवढं त्याने पाहिलं आणि लिहिलं : वाहन न्यूट्रल स्थितीत आढळले. मी सही केली. उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडणं हा चालकांचा जुना रोग आहे. गिअर काढला की इंजिनाचा अडसर जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, आणि ब्रेक तापले की हातात काही उरत नाही. सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला.

दवाखान्यातून पट्टी बांधून आणल्यावर मी त्याला समोर बसवलं.

"न्यूट्रल केली होतीस?"

"नाही."

"कधीच करत नाहीस?"

"छोट्या उतारावर करतो. खोटं कशाला बोलू? पण या घाटात नाही, मॅडम. माझा गिअरचा खटका 'डी'वर, म्हणजे ड्राइव्हवर होता. गाडीनंच गिअर सोडला."

हवालदार दारात उभा होता. तो हसला. "गाडी है की बकरी, भिया? रस्सी तोड़ के खुद ही भाग गई?"

चालक हसला नाही, चिडलाही नाही. माझ्याकडे बघत म्हणाला, "मुझे रखो जितने दिन रखना है. मेरे भाई की गाड़ी रुकवा दो. उसमें भी वही गिअर का डब्बा लगा है. गुरुवारी तो इथूनच उतरणार."

अटकेतला माणूस आई, मूल, भाऊ पुढे करतो, हे मी नोकरीभर पाहिलं होतं. मी ते वाक्य जबाबात लिहूनसुद्धा घेतलं नाही. तो संध्याकाळपर्यंत जो कोणी कोठडीसमोरून जाईल त्याला तेच सांगत राहिला. पाणी देणाऱ्या शिपायालाही.

बुधवारी सकाळी क्रेनवाला ठाण्यात आला. घाटात पडलेल्या गाड्या उचलणं हाच त्याचा धंदा. बोलावल्याशिवाय तो ठाण्याची पायरी चढत नसे.

"मॅडम, बुरा मत मानना. तो ड्रायव्हर खरं बोलतोय असं वाटतं मला."

"कशावरून?"

"गेल्या महिन्यात अशीच एक गाडी, ते ब्रेक गेलेल्या गाड्यांसाठी वाळूचा चढ केलाय ना, त्यावर घालून वाचवली एकाने. तोही म्हणत होता, गिअर आपणच सुटला. मालकाने रिपोर्ट करू दिला नाही. दोन्ही गाड्या मीच उचलल्या. दोन्हींचा गिअरबॉक्स चांदीच्या रंगाने रंगवलेला. कंपनीतून असा येत नाही. हे देवासच्या एका वर्कशॉपचं काम आहे."

मी पंचनाम्याचे फोटो मागवले. केबिनच्या फोटोत खटक्याची गोल चकती स्पष्ट 'डी'वर होती. फोटो आम्हीच काढला होता आणि कोणी पाहिला नव्हता. परिवहन विभागाचा निरीक्षक दुपारी आला. तो ट्रकखाली अर्धा तास होता. बाहेर येऊन हवालदाराला म्हणाला, "दादा, हा दांडा हलवून बघायचा गिअर नाही. यात पायाखाली क्लचच नाही. इंजिन बंद पडल्यावर चाकं फिरली, यावरून काही सिद्ध होत नाही."

त्याने मला समजावून सांगितलं ते असं. या नव्या ट्रकमध्ये गिअर कॉम्प्युटर बदलतो. बदलताना एक क्षण गाडी कोणत्याच गिअरमध्ये नसते, मग पुढचा गिअर बसतो. आतला भाग झिजलेला असला आणि घाटात तापला, तर तो पुढचा गिअर बसतच नाही. चालक 'डी'वर असतो आणि गाडी मोकळी. असं होण्याच्या कितीतरी आधी समोर दिवा लागायला हवा, बझर वाजायला हवा. या गाडीत काहीच वाजलं नव्हतं.

दोघं भाऊ एकाच मालकाचे ट्रक चालवत. मी त्या मालकाला फोन लावून धाकट्या भावाची गाडी उभी ठेवायला सांगितलं. "जी मॅडम, उभीच आहे," तो म्हणाला. माझा विश्वास बसला नाही. म्हणून गुरुवारी सकाळी घाटाच्या डोक्यावर, मंदिरापाशी, हवालदाराला दोन शिपाई देऊन उभं केलं. तिथे प्रत्येक ट्रक थांबतो. चालक उतरतात, हात जोडतात, टायर ठोकून बघतात, मगच घाटाला लागतात. माझ्या माहितीत याला अपवाद नव्हता. एवढी व्यवस्था करून मी देवासला निघाले.

देवास माझं माहेर. वर्कशॉप बायपासवर होतं आणि मिस्त्री आपलाच मराठी माणूस निघाला. साठीकडे झुकलेला, इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन, टेबलावर लॅपटॉप. मागे ओळीने गिअरबॉक्स ठेवलेले. दोन ओल्या चांदी रंगात.

"या, या. तुम्ही म्हणजे... गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमाला आला होतात ना? आमची ही तुमच्या आत्याबाईंना चांगली ओळखते."

"आत्याबाईंचं राहू द्या. हे कुठून आणता?"

"अपघातातल्या गाड्यांतून. त्यात गुन्हा काय, ताई? नव्या डब्याला तीन-तीन महिने थांबावं लागतं. तोवर मालकाने गाडी उभी ठेवायची? जुने क्लचवाले ड्रायव्हर मिळत नाहीत, नव्या पोरांना क्लच दाबता येत नाही. म्हणून जो तो ऑटो गिअरची गाडी घेतोय. घेतली म्हणजे बिघडणार. बिघडली की माझ्याकडे येणार."

"तुम्ही हे शिकलात कुठे?"

"सत्तावीस वर्षं कारखान्यात हाताच्या गिअरचे डबे जोडले. त्यांना गिऱ्हाईक उरलं नाही, आम्हाला घरी पाठवलं. मग हा लॅपटॉप शिकलो. या वयात." त्याला त्याचा अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

"दिवा का लागला नाही?"

तो पेनशी खेळू लागला. मी डायरी उघडून तारीख घातली. 

"डबा एका गाडीचा, कॉम्प्युटर दुसऱ्या गाडीचा," तो शेवटी म्हणाला. "पूर्ण जुळत नाहीत. दिवा सारखा लागतो. ड्रायव्हर घाबरतात, गाडी परत आणतात. मालक कटकट करतात. म्हणून मी दिवा बंद करून देतो."

"बझर?"

"तोही."

"आणि डबा?"

"चालतो ना, ताई. सपाटीवर काही होत नाही."

तेवढ्यात हवालदाराचा फोन आला. सगळं शांत होतं, ती गाडी आली नव्हती. मी मिस्त्रीला विचारलं, मालकाची दुसरी गाडी कुठे आहे. मालकाच्या गाड्यांची देखभाल त्याच्याकडेच असल्याने त्याच्या मोबाईलवर त्या सगळ्या दिसत. त्याने चष्मा लावला, बोट फिरवलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने फोन माझ्यापुढे धरला. नकाशावर एक निळा ठिपका होता. मंदिर त्याच्या मागे पडलं होतं.

"थांबली नाही?" मी हवालदारावर ओरडले.

"मॅडम, भगवान कसम, इथे थांबलेली एकेक गाडी बघितली."

मिस्त्री हळूच म्हणाला, "नव्या गाड्या थांबत नाहीत, ताई. चाक थांबलं की मालकाच्या फोनवर घंटी वाजते. तीन घंट्या झाल्या की ड्रायव्हरला बोलणी. त्यांनी मंदिर सोडलं."

मी शंभर किलोमीटर दूर होते. हवालदाराला जीपने तिच्या मागे पिटाळलं, ठाण्यातल्या माणसांना घाटाखालचा रस्ता मोकळा करायला सांगितलं. भावाचा नंबर लावला. वाजत राहिला. परत लावला. कोठडीवरच्या शिपायाला फोन करून आतल्या थोरल्या भावाला विचारायला सांगितलं, भाऊ फोन का घेत नाही. उत्तर आलं, "चलाते टाइम नहीं उठाता. मैंने ही सिखाया है."

ठिपका सरकत होता. मी आणि मिस्त्री एकाच फोनवर वाकून बसलो होतो. चौकशी संपली होती. त्याच्या कपाळावरचा घाम फोनच्या काचेवर पडला, तो त्याने शर्टाने पुसला. पहिलं वळण आलं. माझ्या डोळ्यांपुढे मंगळवारची मोटरसायकल होती, तिच्या हँडलला अडकवलेली भाजीची पिशवी होती.

"वेग किती दाखवतंय?" मी विचारलं.

"अकरा." तो फोन जवळ घेऊन म्हणाला, "अकरा कसा? ऑटोवर असती तर आत्तापर्यंत चाळीस..." मग त्याचा आवाज बदलला. "त्याने हाताने धरलाय. दुसऱ्या गिअरमध्ये धरून ठेवलाय. गिअर बदललाच नाही तर सुटायचा नाही. बदलू नको रे. बदलू नको."

तो हे त्या ठिपक्याला सांगत होता. मी त्याला थांबवलं नाही. किती वेळ गेला ते घड्याळात पाहिलं नाही. दुसरं वळण, तिसरं, वाळूचा चढ. दर वेळी आकडा तेराला गेला की मिस्त्री डोळे मिटायचा आणि मला वाचून दाखवायला सांगायचा.

मग हवालदाराचा फोन आला. "मॅडम, आली खाली. मागे पूरी बारात लेकर आई. सगळे गालियाँ देतायत, त्याने कोणाला पुढे जाऊ दिलं नाही."

मिस्त्रीने त्यानंतर न विचारता सगळं सांगितलं आणि सही केली. ताई म्हणणंही सोडलं.

संध्याकाळी मी ठाण्यात पोहोचले तेव्हा धाकटा भाऊ कोठडीच्या गजांपाशी उभा होता. तिशीचा, दणकट माणूस. थोरल्याने त्याला एवढंच विचारलं, "कौनसा?"

"दूसरा."

"पूरा घाट?"

"पूरा."

"ठीक है." आणि तो भिंतीकडे तोंड करून बसला.

मी धाकट्याला विचारलं, ऑटोवर का नाही ठेवलीस. म्हणाला, "मालक हाताने चालवू देत नाही, डिझेल जास्त लागतं. पण भाऊ आत आहे. आज मालकापेक्षा गाडीचीच भीती जास्त वाटली."

थोरल्याचं नाव पुढे गुन्ह्यातून वगळलं, मालक आणि मिस्त्री आरोपपत्रात आले. तिरल्याकडच्या त्या घरी मी स्वतः गेले. ट्रकवाल्याने डिझेलसाठी तुमची माणसं मारली, असं मंगळवारी मीच त्यांना सांगितलं होतं. ते परत घ्यायला मला जावं लागलं. म्हाताऱ्या वडिलांनी ऐकून घेतलं. चहा विचारला नाही, आणि ते बरोबरच होतं.

या प्रकरणाने मला एक साधी गोष्ट शिकवली. आम्ही जे पाहिलं ते लिहिलं नव्हतं, जे माहीत होतं ते लिहिलं होतं. हवालदाराला जुने ट्रक माहीत होते, मला आरोपी माहीत होते. समोरची गाडी दोघांनाही नवी होती, आणि तसं म्हणायची आम्हाला लाज वाटली. त्यानंतर पंचनाम्यात 'आढळले' असा शब्द आला की मी विचारायचे, कोणाला, आणि कशावरून. हवालदार वैतागायचा, पण लिहायचा.

मिस्त्रीच्या वहीत असे बाहेर गेलेले पाच गिअरबॉक्स होते. दोघा भावांच्या गाड्यांतले दोन, वाळूच्या चढावरचा एक. हाटपिपल्याजवळच्या एका शेडमधून चौथा काढला. पाचवा त्याने एका दलालाला विकला होता, दलालाने पुढे कोणाला तरी. आम्ही दोन जिल्हे पालथे घातले, शेजारच्या राज्यांना पत्रं पाठवली. तो मिळाला नाही. कुठल्या तरी ट्रकखाली तो आजही फिरत असेल, आणि चालवणाऱ्याला समोर एकही दिवा लागलेला दिसत नसेल.