शिंदखेड्याच्या अक्कांना उसना वर्ग

आमच्या ब्लॉगचा नियम माझाच आहे: आपल्या वर्गात करून पाहिलं तेवढंच लिहायचं. नुसतं सुचलेलं चालणार नाही. खानदेशातल्या आम्ही काही शिक्षिका तिथे रविवारी लिहितो. एकीने लिहिलेला प्रयोग दुसरीने आपल्या शाळेत करायचा आणि खाली सांगायचं, जमला की फसला. सावद्याला मी केळीच्या फण्यांवरून पाढे शिकवले, तर शिंदखेड्याच्या अक्कांनी खाली लिहिलं, "आमच्याकडे केळी कुठली? कापसाची बोंडं घेतली. पाढे आले, वर्गभर कापूस उडाला."

दिवाळीनंतर अक्कांचं लिहिणं थांबलं. फोन केला की "बघू" एवढंच. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकींना पाहिलंही नव्हतं. शेवटी एक दिवस रजा टाकून मी निघाले.

जाणार असाल तर ऐका. सावद्याहून भुसावळ, जळगाव, मग पारोळ्यावरून धुळे. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, जागेची हमी नाही. धुळ्यात शेवभाजी खा, पण तिखट कमी करायला आधीच सांगा. नंतर सांगून उपयोग नसतो. सोनगीरला तांब्या-पितळेची भांडी दिसली तरी उतरू नका, पुढची बस कधी ते कोणी सांगत नाही. त्यानंतर शेतं उघडी होतात. केळीच्या बागांत राहणाऱ्या मला ते आभाळ फारच मोठं वाटलं.

अक्का दारातच उभ्या होत्या.

"उनी का बई? इतली लांबतून! आधी जेवाले बठ."

ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, वर कच्चं तेल. मी दोन घास खाऊन सरळ विचारलं, "अक्का, लिहीत का नाही?"

"निवृत्त व्हयनू ना मी. वर्गच नही शे, मंग लिखू काय? तूच सांगेल व्हतं, वर्गमा करी देखेल तेच लिखानं!"

"मग सांगायचं तरी!"

"सांगीसन काय करती? तुना नियम लई कडक शे."

इतक्यात समोरच्या शाळेची घंटा झाली. अक्का ताडकन उठल्या. मग तांब्या भरलेला असूनही पाणी आणायला आत गेल्या.

परत आल्यावर म्हणाल्या, "तुना वर्ग माले उसना दे. मी सांगसू, तू कर."

नियम मोडत नव्हता. मी मनातल्या मनात तपासून पाहिलं.

येताना शिंदखेड्याहून भुसावळची रेल्वे घेतली. तुम्ही जातानाही तीच घ्या, हे मला उशिरा कळलं. खिडकीशी बसून एकच विचार येत होता: पुढच्या उन्हाळ्यात मीही निवृत्त होते. मग घंटा झाली की मी कशासाठी उठणार?

सोमवारी अक्कांनी सांगितलं तसं केलं. मी चटईवर, खुर्चीवर तिसरीतली एक मुलगी. घडापासून फणी कशी काढायची, चीक कपड्यांवर न पाडता, हे तिने शिकवलं. मध्येच दरडावली, "बाई, लक्ष कुठे आहे?" हुबेहूब माझाच आवाज. सगळा वर्ग हसला.

अक्कांच्या आणि माझ्या, दोघींच्या नावाने लिहून टाकलं आणि पुन्हा पुन्हा ब्लॉग उघडून पाहत राहिले. संध्याकाळी खाली अक्कांची ओळ आली. जमला की फसला, काहीच विचारलं नव्हतं.

"बठ्ठा पोरेसना नावं लिख. कोन कोठे बठस, तेबी."

मुलांची नावं ब्लॉगवर टाकायची नाहीत, हाही माझाच नियम. मी अक्कांना फोन लावला आणि पहिल्या रांगेपासून एकेकाचं नाव सांगायला सुरुवात केली.