बहिणीच्या फ्रीजमधलं इंजेक्शन

फायब्रोस्कॅनमध्ये माझा आकडा सत्तावीस आला आणि धाकट्या बहिणीचा, सुनंदाचा, दहा. फायब्रोस्कॅन म्हणजे यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी. दुखत नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी दोघींच्या फायली शेजारीशेजारी ठेवल्या आणि मला म्हणाले, "तुमचं फॅटी लिव्हर सिरोसिसपर्यंत गेलंय." सिरोसिस म्हणजे व्रण साचत जाऊन यकृत गाठाळ होणं.

मी दारूचा थेंब चाखलेला नाही. चामोर्शीजवळ अंगणवाडी चालवते, अंगाने बारीक, साखरेचा आजार मात्र जुना. सुनंदा राजुऱ्याला दिलेली, अंगाने भरलेली, जिलेबी दिसली की थांबणारी. ती फक्त माझ्या सोबतीला आली होती. आलोच आहोत तर म्हणून तिनेही तपासून घेतलं.

आणि औषध तिच्यासाठी निघालं. सेमाग्लुटाइड, आठवड्यातून एकदा पोटात टोचायचं. वजन उतरतं, यकृताची सूज कमी होते, मधल्या टप्प्यातले व्रण मागे जाऊ शकतात. मला का नाही, असं मी विचारलं.

"सिरोसिस झाल्यावर या औषधाने व्रण मागे गेलेले दिसले नाहीत. शिवाय तुमचं वजन घटून चालणार नाही. साखर ताब्यात ठेवा आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करा. अशा यकृतात कॅन्सर होऊ शकतो. तो लहान असतानाच सापडायला हवा."

म्हणजे तिला औषध आणि मला वाट पाहणं. परतीच्या बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. मला ते डोकं ढकलून द्यावंसं वाटलं.

पुढे ती फोनवर सांगायची, चार किलो उतरले, सहा उतरले. मी "बरं झालं" म्हणायचे आणि त्या दिवशी जेवण जायचं नाही.

मार्चमध्ये तिच्याकडे राजुऱ्याला गेले. दुपारी ती भाजी आणायला गेली. फ्रीजच्या दारात तिचं इंजेक्शनचं पेन होतं. मी नवी सुई लावली, पेन शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवलं आणि टोचून घेतलं.

दोन दिवस उलट्या झाल्या. पाणीसुद्धा पोटात ठरेना. सुनंदाच मला चंद्रपूरला दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांनी काय घेतलं ते विचारलं, तेव्हा तिच्यादेखत सांगावं लागलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "शरीरातलं पाणी असं कमी झालं की सिरोसिसमध्ये किडनीही बसू शकते."

बाहेर बाकावर सुनंदा म्हणाली, "बाई, तुले काही झालं असतं त मी कोनाले तोंड दाखवलं असतं?"

पुढच्या सोनोग्राफीत माझ्या यकृतात सुपारीएवढी गाठ दिसली. सीटी स्कॅनने कॅन्सर ठरवला. लहान होती म्हणून नागपूरला अॅब्लेशन केलं, म्हणजे सुई आत घालून गाठ जाळतात. सुनंदा चार दिवस माझ्या उशाशी होती. तिचीही तपासणी त्याच आठवड्यात झाली. काय आलं, असं विचारलं तर म्हणाली, "काई फरक नाई. तसंच आहे."

सुट्टी मिळाली त्या दिवशी कागद लावताना तिचा रिपोर्ट माझ्या हाती आला. आकडा दहावरून सहावर आला होता.

आधी हेवा वाटला, खोटं कशाला सांगू. तिने हा आकडा माझ्यापासून लपवला होता, हे त्यानंतर कळलं.

मी रिपोर्ट तिच्यासमोर धरला. म्हटलं, "सुने, मी जळून राह्यली तुयावर. पन हे लपवू नको मायापासून."

ती रडली. मग म्हणाली, "जळ ना. पन इथीच बसून जळ, घरी एकटी नको."

माझ्यासारखं सिरोसिस ज्यांना आहे त्यांना सांगते: दुसऱ्याचं औषध घेऊ नका आणि सोनोग्राफी चुकवू नका. माझ्या दोन सोनोग्राफी त्यानंतर स्वच्छ आल्या. तिचा आकडा आता पाच आहे. हेवा वाटला की मी तिला फोन लावते आणि सांगते.