दोन टिंबांसाठी नऊ दिवस

आमचे बाबूजी फोनवर 'हॅलो'च्या आधी 'पटले, प पळसातला' म्हणत. गॅस एजन्सी असो की सोयरा, समोरच्याने नाव नीट ऐकल्याची खात्री होईस्तोवर गाडी पुढे सरकत नसे. गावासाठी ते 'दुबईवाले'. खरं तर दुबईत ते कधी राहिलेच नाहीत, दुसऱ्याच दोन आखाती देशांमध्ये सिमेंटचा ट्रेलर चालवत. पण आमच्या बिरसी गावात आखात म्हणजे दुबईच, त्याला कोण काय करणार!

नावाचं हे वेड तिकडेच जडलं. अरबीत 'प' नाही. त्यातल्या पहिल्या देशाचं सरकारी ओळखपत्र निघालं तेव्हा अरबी ओळीत पटलेचे बटले झाले. सोबतच्या पाकिस्तानी ड्रायव्हरने समजावलं, अरबी 'ब'खाली एक टिंब असतं, उर्दूत तिथेच तीन दिली की 'प' होतो. म्हणजे भानगड सगळी दोन टिंबांची. इंग्रजी ओळ बरोबर होती, म्हणून बाबूजी तेव्हा हसून मोकळे झाले.

पुढे त्या देशांनी आपसातला व्यापार आणि माणसांच्या नोंदी एकत्र केल्या, सरकारी कामं मोबाइलवर आली. बाबूजींना त्याचं भारी कौतुक. सीमेवर दोन-दोन दिवस खोळंबणारा ट्रेलर आता एका कागदावर पार होई. "सिमेंटच्या पोत्याले कोणी नाव नाही पुसत," ते म्हणत, "माणसालेच पुसते."

माझ्या लग्नासाठी ते निघाले, ते शेजारच्या देशातल्या विमानतळावरून. तिथल्या यंत्राने पहिल्या देशाची अरबी नोंद वाचली आणि तिचं परत इंग्रजी केलं, बटले. पासपोर्टवर पटले. झालं! खिडकीतल्या कारकुनाने बिचाऱ्याने सोपी वाट सांगितली. 'बटले तो मीच' असं मोबाइलवर मान्य करा, अंगठा द्या, आजच्या विमानाने जा. मात्र पुढे तेच नाव कायम. नाहीतर दुरुस्तीचा अर्ज टाका आणि थांबा.

बाबूजी थांबले. आईने फोनवर रडून पाहिलं, मामा ओरडले. शेवटी मीच फोन हिसकावला आणि विचारलं, लग्न मोठं की टिंब?

"लगन पटलेच्या पोरीचं होऊन राहिलं," ते म्हणाले. "बटलेचं तिथं काय काम?"

दुरुस्तीला नऊ दिवस लागले. लग्न चौथ्याच दिवशी होतं. कन्यादान मामांनी केलं. गावाजवळच्या वैमानिक शाळेची विमानं डोक्यावर घिरट्या घालत होती आणि मी मेली प्रत्येक आवाजाला मांडवातून वर पाहत होते. मांडवपरतणीला माहेरी आले तेव्हा बाबूजी पोचले होते, दुरुस्त झालेलं नाव मोबाइलवर सगळ्यांना दाखवत होते. मी त्यांच्याशी बोललेच नाही. नुसता जळफळाट होत होता.

त्याच आठवड्यात सासरहून निरोप आला, पोरीचं आधारवरचं नाव बदलून घ्या, आता ती रहांगडाले. आणि बाबूजी, हेच बाबूजी, कागदपत्रं पिशवीत घालून तयार! म्हणाले, रीतच आहे, करून टाकू. मी मुकाट्याने सेवा केंद्रात गेले. तिथल्या बाईने फॉर्म भरला आणि अंगठा ठेवायला सांगितलं. मी हात मागे घेतला.

"बाबूजी, तुमचे दोन टिंब गेले, त तुम्ही माह्या लग्नात नाही आले. माहं त अख्खं नाव जाऊन राहिलं."

मागची रांग चुळबुळ करायला लागली. मग बाबूजी बाईकडे वळले.

"खोडून टाक," ते म्हणाले. "जवाईबापूले मी सांगतो."

आणि सांगितलंही, सासरच्या अंगणात उभं राहून, चहासुद्धा न घेता. पुढे वर्षभर घरात धुसफूस चालली, तिला मी पुरून उरले.

बाबूजी आता नाहीत. माझ्या लग्नाच्या एकाही फोटोत ते नाहीत, त्याचा राग मला अजून येतो, खोटं कशाला बोलू? आणि कोणी 'रहांगडालेबाई' म्हणून हाक मारली, तर मी वळूनही पाहत नाही.