आवाज नॉर्मल

रजिस्टरमध्ये ‘आवाज नॉर्मल’ असं मीच लिहिलं होतं. समोर उभा असलेला माणूस नेमकं उलट सांगत असताना लिहिलं होतं.

चाकणच्या एका कारखान्यात मी शिफ्ट इनचार्ज आहे. आमच्या ग्राइंडिंग मशीनवर जवळच्याच गावातले एक जुने ऑपरेटर होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे. शिफ्ट संपताना ते लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगपाशी टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि पुढच्या ऑपरेटरला मशीनचा आवाज सांगूनच बस पकडायला जायचे. प्रत्येक आवाजाला त्यांच्याकडे शब्द होता. गुणगुण म्हणजे तब्येत बरी. किरकिर म्हणजे ग्रीस संपत आलंय. ‘दळतंय’ म्हटलं की मशीन थांबवायचं, आतलं बेअरिंग खराब झालेलं असायचं.

त्या दुपारी ते म्हणाले, “साहेब, दळतंय आतून.”

मी आवाज मोजायचा मीटर धरला. आकडा कालचाच.

“मामा, आवाज वाढलेला नाही.”

“वाढला न्हाईच. बदललाय.”

“मग रजिस्टरात ‘दळतंय’ लिहू? वरचे विचारतील, पीठ किती निघालं?”

आजूबाजूची पोरं हसली. मामाही कसनुसं हसले. “काय बी लिवा साहेब, पण मशीन थांबवा.”

माल त्याच आठवड्यात जायचा होता. मी मशीन थांबवलं नाही.

तिसऱ्या दिवशी बेअरिंग फुटलं. कोणाला लागलं नाही, पण लाईन बंद पडली. मॅनेजरनी रजिस्टर उघडलं आणि मामांना विचारलं, “इतके दिवस तुम्हाला काही ऐकू आलं नाही?”

“आलं की. सांगितलंवतं.”

“कुणाला?”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या रजिस्टरकडे. त्यांनी माझं नाव घेतलं नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही. मामांचे कान गेले, असं ठरलं. त्यांना पॅकिंगला पाठवलं.

कँटीनमध्ये कोणीतरी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायचं, “मामाऽऽ, चहाऽऽ!” ते निमूट कप घ्यायचे. मी दोन टेबलं सोडून जेवत असायचो.

महिनाभर असंच गेलं. मग एकदा त्याच मशीनवरचा नवा ऑपरेटर म्हणाला, “साहेब, काहीतरी वेगळं वाटतंय. बघता का?” मी मामांसारखा स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला. आत काहीतरी होतं. बारीक, मधूनच तुटणारं. पण ते काय आहे, याला माझ्याकडे शब्दच नव्हता. मीटरवर आकडा नेहमीचाच होता. या वेळी मी मशीन बंद केलं. रावेतला घरी पोचेपर्यंत एकच गोष्ट डोक्यात होती: मामांना एका क्षणात कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी शिफ्टच्या मीटिंगला मी मॅनेजरना थांबवून घेतलं आणि पॅकिंगमधून मामांना बोलावलं. सगळे उभे होते.

“मामांचे कान शाबूत आहेत. बेअरिंग फुटायच्या दोन दिवस आधी त्यांनी मला सांगितलं होतं, मशीन थांबवा म्हणून. मी त्यांची थट्टा केली आणि नॉर्मल लिहिलं. चौकशीत गप्पही मीच बसलो. मामा, माझं चुकलं. मला माफ करा.”