पंख्यांखालचं स्केटपार्क

शिवनेरीकडं तोंड करून सांगतो, पुढं लिहिलंय त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. आता आमच्या गच्चीवरून किल्ला दिसत नाही, मध्ये पाण्याची टाकी येते. म्हणजे शपथ थोडी टाकीचीच झाली. तेवढा फरक धरून वाचा. आमच्या स्केटपार्क समितीचे किस्से एवढे साठलेत, की पार्कच्या आधी त्यांनाच जागा बघावी लागेल!

सुरुवात आफ्रीनपासून. जुन्नरात गाद्या भरून देणाऱ्या सलीमभाईंची ही पोरगी, नववीतली. ती आणि तिच्या मैत्रिणी एका आडत्याच्या कट्ट्यावर स्केटबोर्ड चालवायच्या. एक दिवस बोर्ड चुकवताना आडत्या टोमॅटोच्या कॅरेटमध्ये बसला. कट्टा बंद! वर सलीमभाईंनी बजावलं, "दहावीचं वर्ष लागलं की बोर्ड माळ्यावर." म्हणजे पोरींच्या हाती जेमतेम एक वर्ष. म्हणून समिती. खतांचे दुकानदार अण्णा अध्यक्ष झाले, कारण त्यांच्याकडं गाडी होती आणि स्वतःचा माईक होता. सलीमभाई खजिनदार. मी सचिव, कारण मी नको म्हणालो नाही.

*

पहिली वर्गणी मागायला अवसरीच्या तात्यांकडं गेलो. मोठे बागायतदार. त्यांनी चहा पाजला आणि विचारलं, "ह्यात पोरं करत्यात काय?"

अण्णा म्हणाले, "फळीवर उभी ऱ्हातात, घसरतात, पडतात, परत उठतात."

"आन् त्याला वर्गणी? आमच्या रस्त्यावर पाठवा राव, फुकटात पडतील!"

सलीमभाईंनी अर्धा चहा तसाच ठेवला.

*

एकदा खोडदवरून जाताना अण्णांनी गाडी थांबवली. समोर रेडिओ दुर्बिणीच्या त्या अवाढव्य तबकड्या.

"एवढ्या कढया आभाळाकडं तोंड करून रिकाम्या पडल्यात. एक मागून घेऊ, पोरी आत घसरतील!"

"अण्णा, जाळीच्या आहेत त्या. चाक अडकंल," आफ्रीन म्हणाली.

"मग वरून कोबा करू की!"

तिथला एक कर्मचारी हे ऐकत होता. त्यानं फाटक तेवढं लावून घेतलं.

*

डिंभ्याच्या एका भाऊंनी मात्र हात आखडला नाही. त्यांनी पंखा दिला. छताचा. तिन्ही पात्यांवर आईचं नाव, लाल रंगात. देऊळ असो, शाळा असो, दवाखाना असो, द्यायचं म्हणजे पंखा ही आमच्याकडची रीतच आहे.

"भाऊ, स्केटपार्क उघड्यावर असतं. त्याला छत नसतं."

"मंग छताची वर्गणी काढा. पंखा आमी दिलाय!"

बातमी फुटली. मग काय, ज्याला नाही म्हणायची लाज वाटायची तो पंखा द्यायचा. सलीमभाईंच्या दुकानात गाद्यांवर पंखे आणि पंख्यांवर गाद्या! एकानं तर अट घातली, "कायम एक नंबरवर फिरवायचा. जोरात फिरवला की आमचे वडील वाचता येत न्हाईत."

*

पंखे आले म्हणून सत्कार. शाल, नारळ, हार. ज्यांनी काहीच दिलं नव्हतं ते रुसले, म्हणून त्यांचाही सत्कार. कुणी म्हणेल, न देणाऱ्यांचा कशाला? अण्णा म्हणाले, "लाजून तरी देतील." कुणी लाजलं नाही. रोख जमलं होतं तेवढं शालींत गेलं.

उरलेल्या नारळांच्या ढिगाकडं बघत आफ्रीननं विचारलं, "अण्णा, ह्यांना चाकं बसतील का?"

"सलीमभाई, पोरगी लई इनोदी हां तुमची!"

सलीमभाई हसले नाहीत.

*

पंख्यांचं करायचं काय? परत करावेत तर प्रत्येकावर कुणाचे तरी वडील. म्हणून समितीनं छत ठरवलं. छताला खांब लागले, खांबांना भिंती, भिंतींना स्टेज, स्टेजमागं स्वयंपाकघर. आणि लग्नाचा हॉल म्हटल्यावर पैसा काय धो धो आला! आम्हाला चहावर वाटेला लावणाऱ्या तात्यांनी सगळी फरशी दिली. काचेसारखी गुळगुळीत.

स्केटपार्कच्या नकाशातला एक उतार तेवढा वाचला. स्वयंपाकघरातून हॉलमध्ये. पातेली सरकवायला बरा पडतो म्हणून.

आफ्रीन दारात बोर्ड काखेत धरून उभी. अण्णा म्हणाले, "आत नको बाळ. फरशीला चरे पडतील."

*

पहिलं लग्न अण्णांच्याच पुतण्याचं. मे महिना, पंगत बसलेली, सगळे पंखे एक नंबरवर, आणि वाढपी गायब! तिथी मोठी होती, ते दुसऱ्या लग्नाला पळाले. अण्णांचा घाम शालीनं पुसला तरी थांबेना. एवढ्यात आफ्रीन आणि तिची टोळी स्वयंपाकघराच्या दारात.

"अण्णा, वाढू का आमी?"

आणि बोर्डांवरून सुटल्या! उतारावरून वेग घ्यायचा, एका हातात बादली, दुसऱ्यात डाव, दोन रांगांमधून सुईसारखं जायचं. भात पडतोय, वरण पडतंय, बुंदी पडतीय, सगळं ज्याच्या त्याच्या पत्रावळीत. एक थेंब इकडं तिकडं नाही. अवसरीच्या तात्यांची मांडी सोडून.

धोतर झटकत तात्या म्हणाले, "काय पोरी हायेत! कुटं शिकल्या ह्या?"

शेजारून सलीमभाई म्हणाले, "रस्त्यावर. फुकटात."

मग अण्णा उठले, माईक हातात घेतला, आणि भरल्या गळ्यानं जाहीर केलं, "आजपासून दर सोमवारी हा हॉल पोरींचा!"

यात खोटं एवढंच, की अण्णांनी माईक घेतला तो "मठ्ठा डाव्या रांगेला राहिला" हे सांगायला.

बाकी सगळं खरं. आफ्रीनची दहावी जूनमध्ये सुरू होते, आणि तोवरच्या सगळ्या लग्नतिथी तिला तोंडपाठ आहेत.